बोरूची गाठ

"आपो लुर्देसचा रुसवा निघाला की भात पिकतं," असे शेजारी या थोरल्या बाईबद्दल म्हणत, आणि तिच्या कानावर जाईल अशा बेतानेच म्हणत.

मनिलाच्या उत्तरेला, इफुगावच्या त्या डोंगरगावात पहिली लोंबी तिच्या खाचरात, तिच्याच हातून कापली जाई. त्याआधी कुणी विळ्याला हात लावत नसे. सासूकडून आलेला हा मान तिने एकतीस वर्षे सांभाळला होता. चुकली होती ती एकदाच. वादळाच्या भीतीने गाव दारात येऊन बसले, तेव्हा तिने आठवडाभर आधी कापणी सुरू केली. वादळ दुसरीकडे वळले. कोवळ्या, ओलसर लोंब्यांच्या जुड्या कोठारात बुरसटल्या आणि गावाने पुढच्या सुगीपर्यंत रताळी खाल्ली. तिला कुणी एका शब्दाने बोलले नाही. ते न बोलणे अजूनही चटका देई.

यंदा तालुक्याच्या कचेरीने सुगीच्या आभाराचा उत्सव शनिवारी ठरवून फलकही लावले. कचेरीतला एडविन, तिच्या चुलतभावाचा मुलगा, बुधवारी आला.

"आत्या, एक मूठ काप. फोटोपुरती. मनिलाहून पाहुणे येताहेत."

तिने बांधावरची लोंबी तोडून दाताखाली धरली. दाण्यातले दूध जिभेवर आले. दुसरी लोंबी तिने त्याच्या हातात दिली.

"चाव."

"फोटोत दूध दिसत नाही, आत्या."

"रताळी दिसतात का?"

तो हसला, आणि तिची कानशिले तापली. तिने एक मूठ कापली की कापणी उघडते, मग दुपारपर्यंत उतारावरचे सगळे लोक कापायला खाचरांत उतरतात, हे तो जाणून होता. याच गावचा भात खाऊन वाढला होता तो.

शुक्रवारी शेजारची मार्सेला कुंपणाशी आली. "घे की उरकून, बाई. माझी पोरं सोमवारी बागियोला कामावर परत जातील. मग कापणार कोण, तुझा राग?"



शनिवारी उजाडताच तिने बोरूचा एक उंच दांडा तोडला, त्याचा शेंडा वाकवून गाठ मारली आणि खाचरांच्या वाटेच्या तोंडाशी रोवला. गाठ दिसली की त्या दिवशी खाचरात पाऊल टाकायचे नाही, हे तिथे कुणाला सांगावे लागत नाही. दोन गाड्या भरून आलेले पाहुणे कॅमेरे सरसावून थांबले, पण पुढे व्हायला गावातला एकही माणूस तयार होईना. एडविनने दांडा उपटायला हात पुढे केला. पितळी थाळे वाजवायला आलेल्यांत त्याचा बापही होता.

"हात खाली घे," बाप हळूच म्हणाला.

एडविनचा हात खाली आला, तोंड मात्र सुटले. "हे लोक आभार मानायला आलेत, आत्या. गाव म्हणतं ते खोटं नाही. कधी निघणार तुझा रुसवा?"

"भात पिकलं की कापीन. राग निघायचा नाही. पाहुण्यांना भूक लागली असेल तर तुझे फलक शिजवून घाल."