दौलताबादच्या कमानीपाशी निजलेली गाडी

देव ऐकतो का, हा प्रश्न मी उभ्या आयुष्यात स्वतःला विचारला नव्हता. ऐकणारा कुठेतरी बसलेला असतोच, चूक होते ती आपल्या मांडणीत, अशी माझी धारणा होती. मी कचेरीच्या फाटकाबाहेर, लिंबाच्या झाडाखाली टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंतच झाले. परंतु माझ्या हातचा मजकूर वाचून चांगले चांगले वकील ‘हे कोणी लिहिले?’ म्हणून चौकशी करतात, हे येथे नम्रपणे नमूद करतो. आधी वस्तुस्थिती सांगावी, मग अडचण, आणि शेवटी ‘सबब विनंती की’ असे लिहून जे हवे ते एका वाक्यात मागावे. मात्र अर्ज दिला म्हणजे काम झाले, असे नसते. त्यानंतर रोज जाऊन टेबलापुढे उभे राहावे लागते, ‘साहेब, आमचं काय झालं?’ असे विचारत राहावे लागते. खेटे घातल्याशिवाय कागद जागचा हलत नाही. गावोगावच्या लोकांना मी हेच सांगत आलो, आणि खरे पाहता माझी भक्तीही याच रीतीची होती.

गेल्या वर्षी पत्नीच्या, सुमनच्या, पोटातला आजार सर्व उपायांच्या पलीकडे गेला. डॉक्टरांनी आम्हांस बाजूला बोलावून, ‘आता घरी न्या, जे खावंसं वाटेल ते द्या,’ एवढेच सांगितले. त्या दिवसापासून मी देवापुढे उभा राहू लागलो. सकाळी, संध्याकाळी आणि मधल्या वेळीही. सुमनचे दुखणे मात्र वाढतच गेले. तिला धड झोप लागेना. डोळा लागला न लागला तोच कळ येऊन ती जागी होई. तेव्हा प्रथमच माझ्या मनात आले, की मी ज्या खिडकीपुढे उभा आहे तिच्यामागे कोणी नसेल तर?

सुमनची भक्ती माझ्यासारखी नव्हती. दर वर्षी हनुमान जयंतीला शहरातून हजारो माणसे खुलताबादेच्या भद्रा मारुतीला पायी जातात. ती गल्लीतल्या बायकांबरोबर न चुकता जाई. मी एसटीने मागाहून जात असे, कारण पायी चालणे माझ्या प्रकृतीस मानवत नाही. हा मारुती उभा नाही, बसलेलाही नाही. भजन ऐकता ऐकता तल्लीन होऊन तो पहुडला, अशी कथा आहे. त्या वर्षी तिला जाता आले नाही. दसरा झाल्यावर एके दिवशी ती म्हणाली, “एकदा त्याला बघून आले असते तर बरं झालं असतं. मग माझं काय बी मागणं नाय.”

आमची कन्या वैशाली वाळूजला एका कारखान्यात नोकरीस आहे. तिने नुकतीच विजेवर चालणारी मोटार घेतली होती. आवाज नाही, हादरा नाही. रुग्णास नेण्यास याहून उत्तम वाहन नाही, असे माझेही मत पडले. त्या गाडीत पुढे मध्यभागी एक मोठा पडदा आहे. वेग, रस्ता, थंड हवा, काचा, सर्व कारभार त्या एका पडद्याच्या हाती. तो मधूनच काळा पडतो, असे वैशालीने आधी सांगितले होते. “दोन बटणं दाबून धरली की परत येतो, अण्णा. संगणकच आहे तो, अडकतो कधी कधी.” मी त्यावर एक सविस्तर तक्रार अर्ज लिहून देण्याची तयारी दाखवली होती. तिने तो विषय हसून टाळला.

आम्ही शनिवारी सकाळी निघालो. सुमन मागच्या आसनावर उशीला टेकून अर्धवट निजली होती. वाटेत मी मनातल्या मनात मारुतीपुढे मांडायचा मजकूर तयार करीत होतो. अर्जदाराच्या पत्नीने आजन्म सेवा केली, तिचा स्वतःचा काहीही अपराध नाही, सबब विनंती की तिला निदान नातवंड पाहीपर्यंत मुदत मिळावी. मजकूर चांगला जमला होता. शरणापूर मागे पडले, दौलताबादचा किल्ला दिसू लागला, आणि रस्त्यावरच्या जुन्या कमानीच्या थोडे अलीकडे गाडीतून एक घंटा वाजली. पडद्यावर ‘वाहन सुरक्षित ठिकाणी थांबवा’ अशी सूचना आली. वैशालीने गाडी कडेला घेतली न घेतली, तोच पडदा काळा झाला. त्यासोबत थंड हवा बंद पडली आणि काचाही खाली होईनात.

त्या कमानीतून एका वेळी एकच वाहन जाते. आमची गाडी निम्मी रस्त्यावर राहिल्यामुळे मागे रांग लागली. एका टेम्पोवाल्याने डोके बाहेर काढून विचारले, “ओ काका, लगीन लावताय काय गाडीचं? सरका की पुढं!”

“गाडी बंद पडली आहे,” मी शांतपणे उत्तर दिले.

“मग ढकला! करंट लागंल म्हणून भ्याले व्हय?”

ती गाडी तर ढकलताही येईना, कारण तिची चाके तिनेच आवळून धरली होती. वैशालीने बटणे दाबून धरली, सोडली, पुन्हा धरली. मीही हात लांब करून पडद्यावर टिचक्या मारल्या. मागून सुमनचा बारीक आवाज आला, “बोट झिजंल तुमचं. हवा येऊ द्या आधी, जीव घाबरा व्हतोय.”

मी उतरून दार उघडले. तिचा चेहरा घामाने भिजला होता, ओठ पांढरे पडले होते. वर घाट, मागे वाहनांची रांग आणि डोक्यावर आश्विनातले ऊन. मारुतीचे दार एवढे जवळ येऊन तिला या रस्त्यावर काही झाले तर, एवढाच विचार डोक्यात फिरत राहिला. इतके दिवस मी ज्याच्यापुढे उभा राहिलो त्याने हे उत्तर द्यावे, याचा मला मनस्वी राग आला.

वैशालीने गाडीच्या कंपनीतल्या माणसास फोन लावून तो मोठ्याने ऐकू येईल असा धरला. तो अदबीने म्हणाला, “मॅडम, आता एकच उपाय आहे. सगळे खाली उतरा, गाडी लॉक करा आणि चावी घेऊन लांब जाऊन थांबा. तिला पूर्ण झोपू द्या. सगळं शांत झालं की अर्ध्यापाऊण तासानं उघडा, आपोआप सुरू होईल. आणि एक, मधेमधे बघायला जाऊ नका. चावी जवळ आली की ती जागी होते, मग पुन्हा पहिल्यापासून.”

“आई आजारी आहे माझी. तिला उतरवायचं कुठं?” वैशालीचा आवाज रडवेला झाला होता.

रस्त्याच्या पलीकडे चिंचेखाली एक वयस्क बाई सीताफळांच्या पाट्या मांडून बसली होती. ती उठून आली, दारातून आत वाकली आणि थबकली.

“अगे बाई, तुमे? पहचाने क्या हमकू?”

सुमनने डोळे उघडले. “आपा!” ती म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी मी तिला हसताना पाहिले.

मला काहीच उमगेना. मग समजले ते असे, की पायी जाणाऱ्यांना या बाईच्या घरची मंडळी दर वर्षी त्या चिंचेखाली पाणी देतात, आणि सुमन दर वर्षी तिथेच टेकत असे. दोघींची मुलेबाळे, दुखणीखुपणी एकमेकींना ठाऊक होती. कमानीच्या अलीकडे थांबलेली आमची गाडी त्या चिंचेच्या बरोबर समोर उभी होती.

“इस साल आए नइ तो मैं बहू से बोली, वो हँसनेवाली बाई कायकू नइ आई?” आपा म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. “भाईसाब, खडे कायकू? मेरी बाज है ना, लिटाव उनकू छाँव में.”

आम्ही तिघांनी मिळून सुमनला उचलले. ती फारच हलकी झाली होती. त्या टेम्पोवाल्यानेही खाली उतरून रांगेला वाट करून दिली आणि जाताना, “काकूला जपा,” एवढे बोलला. वैशालीने गाडीला कुलूप लावले. चावी ही जबाबदारीची वस्तू असल्याने ती मी माझ्याकडे घेतली.

आता येथे माझ्याकडून जे घडले ते सांगतो. माझ्या व्यवसायाने मला जी सवय लावली होती ती मला गप्प बसू देईना. थोड्या वेळाने मी उठलो, रस्ता ओलांडला आणि काचेतून आत पाहिले. आत एक दिवा क्षणभर लुकलुकला. मला आशा वाटली. मी परत आलो, पुन्हा गेलो. तिसऱ्या वेळी वैशाली धावत आली. “अण्णा, चावी तुमच्या खिशात आहे! तुम्ही गेलात की ती जागी होते. कचेरी आहे का ही, सारखं काय झालं काय झालं विचारायला?”

मी खजील होऊन बाजेपाशी येऊन बसलो. सुमन कुशीवर वळून, एक हात डोक्याखाली घेऊन पडली होती. मी तिच्या कपाळावर हात ठेवून विचारले, “कसं वाटतंय? फार दुखतंय का?” तिने नाही म्हणून मान हलवली. जरा वेळाने मी पुन्हा विचारले, “पाणी देऊ?” आणि मग, “कळ कमी आहे का आता?”

तिने डोळे न उघडता माझा हात कपाळावरून काढला आणि आपल्या हातात धरला. “अहो, त्या गाडीसारखंच करायला लागले तुम्ही मला. दर घडीला उठवून इचारता, बरी हाय का. तुम्ही इचारलं की मला बरी हाय म्हणावं लागतं. त्याच्यातच लई दमते मी. झोपू द्या की हो.”

त्या बोलण्यात राग नव्हता, एक विनवणी होती. इतक्या महिन्यांत तिने माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. मी चावी काढून वैशालीच्या हाती दिली, आणि मनातला जो मजकूर होता तो पुढे रेटण्याचे थांबवले. काही न विचारता, काही न मागता एखाद्या जागी नुसते बसून राहण्याचा मला अभ्यास नव्हता. ते फार अवघड गेले. आपा सीताफळे उलटीपालटी करीत होत्या. चिंचेच्या सावलीचे ठिपके सुमनच्या लुगड्यावर हलत होते. हळूहळू तिच्या हाताची पकड सैल झाली, कपाळावरची आठी गेली, आणि तिचा श्वास संथ, खोल होत गेला. ती झोपली होती. कळ नाही, कण्हणे नाही. कुशीवर, डोक्याखाली हात घेऊन निजलेली.

पुष्कळ वेळाने वैशालीने गाडी उघडली. पडदा उजळला, जणू काही झालेच नव्हते. ती धावत आली. “अण्णा, चालू झाली! निघू या? मंदिर इथून जवळच आहे.”

मी घाटाकडे पाहिले, आणि मग बाजेकडे. उठवले असते तर ती उठली असती, ‘बरी हाय’ म्हणाली असती आणि निमूट गाडीत बसली असती. तिची इच्छा होती, माझा मजकूर तयार होता, गाडीही तयार होती.

“झोपू दे तिला,” मी म्हणालो.

ऊन कलले तेव्हा तिला आपणहून जाग आली. तिने किल्ल्याकडे बघितले, आपांकडे बघितले. मी दर्शनाचे विचारले, तशी ती म्हणाली, “झालं की. तो तिथं निजलाय, मी इथं निजले. आता आणखी काय बघायचं? घरी चला.”

आपांनी आणलेले सीताफळ तिने दोन बोटांनी थोडेसे खाल्ले. मी पैसे काढले, तसे आपा म्हणाल्या, “नक्को भाईसाब. अगले साल उनकू चलते हुए लाव.” सुमन पदर तोंडाला लावून हसली. पुढचे साल नाही, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होते.

दिवाळीच्या आधीच ती गेली. त्या दिवशीही ती अशीच कुशीवर होती. मी उशाशी बसलो होतो, परंतु तिला काही विचारले नाही. माझा हात तिच्या हातात होता. ती पकड केव्हा सैल झाली ते मला समजले, आणि मी तिला हाक मारली नाही. एवढे मला साधले ते केवळ त्या चिंचेखालच्या दुपारमुळे. गाडी त्याच झाडासमोर का थांबली, यावर मी वाद घालणार नाही. ज्या झोपेला ती इतके महिने पारखी झाली होती, ती तिला तिथे मिळाली, आणि ती मिळण्यासाठी माझा हात बाजूला होणे तेवढे बाकी होते.

कार्य उरकल्यावर मी एकटा खुलताबादेला गेलो. वाटेत चिंचेखाली थांबलो. आपांनी मला पाहिले, माझ्या मागे पाहिले, आणि काही न विचारता बाजेवर जागा करून दिली. मग वर जाऊन मी त्या पहुडलेल्या मूर्तीपुढे उभा राहिलो. सवयीप्रमाणे मनात मजकूर उमटू लागला. अर्जदाराची पत्नी निवर्तली आहे. घर फार मोठे झाले आहे. सबब…

त्यापुढे मला काहीही लिहावेसे वाटले नाही. देव निजला होता. मी हात जोडले, आणि पावलांचा आवाज होणार नाही अशा बेताने बाहेर आलो.