टॉवेलाखालचा भाव

नगरच्या त्या इंग्रजी शाळेची आठवीची प्रवेश परीक्षा मी पास झाले होते. फी मात्र अण्णांना, माझ्या वडिलांना, झेपणारी नव्हती. घोडेगावच्या बाजारात ते बैलांचे सौदे जुळवायचे. आमच्या तिसगावहून एसटीने येताना मी त्यांना पढवून ठेवलं होतं. "काय करता इचारलं तर व्यवसाय म्हना. दलाल म्हनू नका." ते नुसतं "व्हय" म्हणाले. माझा तोरा तेव्हा भलताच होता.

मुख्याध्यापकांच्या खोलीत आमच्या मागे एक मुलगी आईबरोबर बसली होती. तिची आई माझ्या चपलांकडे बघतेय, असं मला सारखं वाटत होतं. सरांनी फीचा कागद पुढे सरकवला. "आजच भरावी लागेल. नाहीतर जागा यांना द्यावी लागेल." त्यांनी मागच्या मुलीकडे बोट दाखवलं.

अण्णांनी कागद वाचला. मग खांद्यावरचा टॉवेल काढून उजव्या हातावर पसरला आणि तो हात सरांपुढे धरला. बैलबाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. टॉवेलाखाली हातात हात घेऊन बोटं दाबतात. कुणाची ऐपत किती, ते चारचौघांत कळत नाही. सर नुसते बघत राहिले. मागून ती मुलगी खुदकन हसली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी टॉवेल खसकन ओढला.

अण्णांचा हात तसाच टेबलावर राहिला, बोटं अर्धवट मुडपलेली. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सायेब, निम्मेच हायेत. बाकीचे दिवाळीला देतो. पोरगी लई हुशार हाय, तिला माघारी धाडू नका." आणि त्यांनी हात जोडले.

सरांनी निम्मी फी घेतली आणि कागदावर सही केली.

तीन वर्षं मी तिथे शिकले. पालकसभेला मामा यायचा. दहावीच्या निकालानंतर शाळेने आमचा सत्कार ठेवला, तेव्हाही अण्णा फाटकाबाहेर चहाच्या टपरीपाशीच थांबले. आत का नाही आलात, म्हणून मी त्यांच्यावरच चिडले. त्या चिडण्याची मला अजून लाज वाटते.

"तुझ्या मैत्रिनी हुत्या ना आत," ते म्हणाले.

त्या दिवशी त्यांच्या खांद्यावर टॉवेल नव्हता.