बायको सायकलवर, मी मागे: रत्नागिरी ते हेदवी

या प्रवासाचं खापर एका फोनवर फोडायला हवं. माझे सासरे, अण्णा, हेदवीच्या अलीकडच्या एका वाडीत राहतात. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली, त्यामुळे देवानं माणसाला पाय दिले ते एसटीची पायरी चढायला, अशी त्यांची ठाम समजूत आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिवाळीत अंगणाची पायरी चुकून पडले, तेव्हापासून माझी बायको शुभा त्यांच्या मागे लागली होती की रत्नागिरीला या, ऑपरेशन करून घेऊ. अण्णांचं उत्तर ठरलेलं, "मला सगळं दिसतं." खरं म्हणजे डोळ्याला कुणी हात लावणार या विचारानंच त्यांना घाम फुटतो. पण कबूल करतील तर ते अण्णा कसले.

माघातली गोष्ट. फोनवर बोलता बोलता शुभा म्हणाली, "या शनिवारी मी सायकलनं येतेय." सायकलचं वेड तिला चाळिशीनंतर लागलं. लोकांना गुडघेदुखी लागते, हिला सायकल लागली.

अण्णा हसत सुटले. स्पीकरवर मला स्वच्छ ऐकू येत होतं. "बायकांना अर्धं तिकीट आहे गो एसटीत. कशाला जीव काढतेस? टेम्पोतून उतरशील दारात."

"आणि सायकल मारत आले तर?"

"तर येतो तुझ्या त्या डॉक्टरकडे. चढाला उतरून ढकललीस तर माफ. खाडीला फेरीबोटही माफ, पोहून ये म्हणत नाही मी. पण गाडीत बसायचं नाही."

"नक्की?"

"फाडलं तिकीट."

हे वाक्य त्यांच्या घरात शपथेच्या जागी वापरतात. फाडलेलं तिकीट कंडक्टर परत घेत नाही. शुभानं फोन ठेवला आणि त्याच पावली टायरमध्ये हवा भरायला बसली. मला तिनं विचारलंही नाही. मी मागून मोटारसायकलवर येणार, पाणी, पंक्चरचं सामान आणि अण्णांसाठी खारे काजू घेऊन, हे गृहीत होतं. चढ पाहिला की मला भूक लागते, म्हणून सायकलचा आग्रह मला कुणी करत नाही.

शनिवारी उजाडता निघालो. जाणार असाल तर तुम्हीही लवकरच निघा, कारण आरे-वारेच्या वळणांवर नंतर पुण्याच्या गाड्या आडव्या लागतात आणि दारं उघडी टाकून माणसं फोटो काढत बसतात. खाली सुरूचं बन, पलीकडे समुद्र, वर गार वारा. एरवी मी हा रस्ता गाडीवरून भुर्रकन उडवतो. सायकलच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून चालवताना कळलं की इथे इतकी आमराई आहे. मोहोराचा वास थेट डोक्यात जात होता. आणि त्याच वेगानं लोकांची बोलणीही कानात जात होती.

पहिला आहेर वारेच्या चढाला मिळाला. शुभा उतरून सायकल ढकलत होती, मागे मी आरामात गाडीवर. डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या दोन बायका थांबल्या. एक दुसरीला म्हणाली, "बघ गो. तिला ढकलायला लावलंन, नि आपण कसा बसलाय राजासारखा."

मी समजावायला गेलो, "अहो, तिचीच हौस आहे."

"हो तर. सगळे असंच सांगतात," दुसरी म्हणाली.

शुभानं मागे वळून पाहिलंसुद्धा नाही, पण खांदे हलत होते. ती हसत होती.

गणपतीपुळ्याला घावणे आणि चटणी खाल्ली. दोघांचं मिळून शंभर-दीडशेत भागतं, देवळाजवळच्या मोठ्या हॉटेलांपेक्षा रस्त्यावरच्या घरगुती खानावळीत बसा. तिथल्या मावशींनी शुभाला तिसरा घावणा आग्रहानं वाढला आणि माझ्या ताटात वाढताना हात आखडता घेतला. "तुम्हाला काय हो, पेट्रोलवर चालताय," म्हणाल्या. तोवर मी बचाव करणं सोडून दिलं होतं.

पुढे जयगडपर्यंत सडा, म्हणजे उघडं माळरान. कातळ, पिवळं गवत, सावली औषधालाही नाही. पाणी भरपूर ठेवा आणि जयगडच्या आधी ट्रकांना वाट देत जा. ऊन चढलं तशी शुभाची चाल मंदावली. रस्त्याखालच्या एका मोरीच्या कठड्यावर बसून तिनं बाटली डोक्यावर ओतली. मी म्हटलं, "थोडं गाडीवर बस. सायकल इथे कुणाच्या तरी अंगणात ठेवू. अण्णांना कोण सांगणार आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दिवाळीत पडले तेव्हा त्यांनी आधी आजूबाजूला बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून. मी समोर उभी होते रे. समोर. त्यांना दिसलेच नाही मी."

मी गाडीला किक मारली.

जयगडची फेरी म्हणजे या प्रवासातली चैन. जेट्टीवर तिकीट काढायचं, सुटे पैसे जवळ ठेवायचे, आणि मग मोटारी, टेम्पो, माणसं, कोंबड्यांची खुराडी, सगळी एका लोखंडी फळीवरून आत. खाडीवरचं वारं लागलं आणि शुभाला जरा तरतरी आली. शेजारच्या रिकाम्या टेम्पोचा ड्रायव्हर आपुलकीनं म्हणाला, "ताई, पलीकडे चढ लई आहे. सायकल टाका टेम्पोत, हेदवीलाच चाललोय."

"नको दादा, पैज आहे," शुभा म्हणाली.

त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. "कसली पैज लावता हो बायकोशी?"

तवसाळला उतरलो आणि चढ सुरू झाला. शुभा पुढे, कधी पायडल मारत, कधी ढकलत. मी मागे, सकाळपासून अर्धा क्लच दाबून. याचा शेवट काय होणार, हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या वळणावर जळका वास आला. मला वाटलं कुणीतरी कचरा पेटवलाय. मग इंजिन नुसतं ओरडू लागलं आणि गाडी जागची हलेना. क्लचप्लेटी जळाल्या होत्या. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला सायकलच्या मागे जाणं जमलं नाही.

जेट्टीवर चहाला थांबलेला तोच टेम्पो मागून आला. ड्रायव्हरनं माझ्याकडे बघून पुन्हा मान हलवली आणि मागचा फाळका पाडला. गाडी चढवली, दोरीनं बांधली, मी पुढे त्याच्या शेजारी बसलो. पुढच्या वळणावर शुभा दिसली. तिनं आधी टेम्पो पाहिला, मग मागे बांधलेली मोटारसायकल, मग खिडकीत मला, हेल्मेटसकट. ती इतकी हसली की सायकल आडवी करून रस्त्याच्या कडेला बसली.

"पुढे व्हा," डोळे पुसत म्हणाली. "वहिनीला चहा टाकायला सांगा."

आता मुख्य प्रसंग. मेहुणा मुंबईला असतो, घरी अण्णा आणि वहिनी. टेम्पो दाराशी थांबला तेव्हा अण्णा ओटीवर सकाळपासून पहारा देत बसलेले. आम्ही दोघांनी मोटारसायकल खाली उतरवली. अण्णा काठी टेकत अंगणात आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि विजयी आवाजात म्हणाले, "काय गो शुभे, बोललो नव्हतो? टेम्पोतनंच आलीस की नाही? सायकलही उतरवलीस. आणि जावई कुठे ठेवलास?"

मी हेल्मेट काढलं. "अण्णा, मी जावईच."

अण्णांनी मान पुढे काढून माझा चेहरा न्याहाळला. टेम्पोवाला दोरी गुंडाळता गुंडाळता थांबला.

"मग ती कुठे?" अण्णांनी विचारलं.

"मागून येतेय. सायकलनं."

"आणि ही?" त्यांनी काठीनं टाकीवर टकटक केलं.

"ही मोटारसायकल आहे, अण्णा."

वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाली. "ऊन तोंडावर आलंय माझ्या," अण्णा म्हणाले. ऊन त्यांच्या पाठीमागे होतं.

मग ते बेड्यापाशी, अंगणाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. चहा आला, तो तिथेच प्यायले. बऱ्याच वेळानं खालच्या रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. ती त्यांना दिसायच्या आधी ऐकू आली. शुभा लालबुंद होऊन, पायडल मारतच बेड्यातून आत शिरली आणि त्यांच्या पायाजवळ ब्रेक दाबला. अण्णांनी हात पुढे करून हँडल चाचपलं, मग सीट, मग तिचा घामानं भिजलेला खांदा.

"भाकरतुकडा आण गो," त्यांनी आत हाक दिली. वहिनीनं शुभावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. अण्णा खाकरले. "फाडलं म्हणजे फाडलं," म्हणाले, आणि मागीलदारी निघून गेले. रात्री मासे मस्त होते, पण अण्णा जेवले कमी.

परतीचं सांगण्यासारखं थोडंच. रविवारी गुहागरहून मेकॅनिक आला, मला चार गोष्टी सुनावून गाडी चालू करून गेला. शुभा परतीला माझ्या बरीच आधी जेट्टीवर पोचली होती. पुढच्या आठवड्यात अण्णा एसटीनं आले, कंडक्टरच्या शेजारच्या सीटवर, त्याच्या चुका काढत. ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी शुभाचा हात धरला तो आतल्या दारापर्यंत सोडला नाही.

पट्टी काढल्यावर काळा चष्मा घालून ते आमच्या व्हरांड्यात बसले. आधी माझी मोटारसायकल पाहिली, "गंजलीय की ही," म्हणाले. मग शुभा चहा घेऊन आली. कप घ्यायचा सोडून ते तिच्याकडे बघतच राहिले. चष्मा वर केला, खाली केला.

"केस कधी गो पांढरे झाले तुझे?"

शुभानं कप त्यांच्या हातात दिला. "आले हळूहळू," म्हणाली, "सायकलवरनं."