दारूवाले काका

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळींत त्यांना सगळे दारूवाले काका म्हणत, आणि त्यांनी आयुष्यात बिअरचा घोटसुद्धा घेतला नव्हता. त्यांची दारू बंदुकीची. मूळचे नागपूरचे, मोटारीच्या कारखान्यात टूलमेकर म्हणून नोकरी करून रिटायर झालेले. शनिवारी क्लबात जाऊन कागदी निशाणावर पिस्तूल चालवायचे आणि त्याची काडतुसं बेसमेंटमध्ये स्वतः भरायचे. २००२ साली मी पीएचडीला आले, ती त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहिले.

त्यांचं पहिलं अवजार त्यांनी शेल्फवर जपून ठेवलं होतं. मुठीत मावेल एवढा लोखंडी साचा आणि लाकडी हातोडी. "चमच्याने दारू घालायची आणि ठोकून गोळी बसवायची. दुपारभर बसलं की मूठभर काडतुसं," ते सांगत. मग एका दांड्याचं प्रेस आलं, आणि मी पाहिलं तेव्हा गोल फिरणारं मशीन होतं. दांडा एकदा ओढला की एक काडतूस तयार. मी कौतुक केलं, तर म्हणाले, "ते माझ्यापेक्षा फास्ट आहे. म्हणूनच मला त्याची जरा भीती वाटते."

दारूबद्दल ते माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. "जुनी थंडीत आळशी व्हायची. जानेवारीत नेम खाली जायचा. आताची जुलैत जशी, तशीच बर्फात." नवा डबा आणला की ते आधी दारूच्या मापांचं नवं पुस्तक उघडत. जुन्यात त्यांच्या पेन्सिलीच्या कितीतरी नोंदी होत्या, पण तिकडे बघायचेही नाहीत. "नाव तेच असलं तरी माल तोच असेल असं धरायचं नाही." काकू म्हणायच्या, "माझ्या मसाल्याच्या डब्यांवरपण हेच लेक्चर असतं."

२००६च्या वसंतातली गोष्ट. मी लाँड्री घेऊन खाली गेले, तर काका मशीनपाशी नुसते उभे. गोळी बसवण्याआधी काडतुसाच्या प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघायची त्यांची सवय होती. त्या सकाळी एकीत दुप्पट दारू पडलेली दिसली. तशीच गेली असती, तर पिस्तूल हातातच फुटलं असतं.

"सापडली ना काका? मग झालं."

"ही सापडली. आधीच्या पन्नासांत बघितलं होतं असं वाटतंय." टॉर्च विझवून म्हणाले, "वाटतंय. आठवत नाहीये."

त्यांनी पन्नासच्या पन्नास काडतुसं एकेक करून उघडली. दोन दिवस लागले. एकातही चूक निघाली नाही. मला हायसं वाटलं, पण काकांनी मशीनवर कापड टाकलं आणि क्लबात नेमबाजीला येणाऱ्या एका नर्सबाईंना फोन करून मशीन घेऊन जायला सांगितलं. काकू त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

त्या दिवसांत माझ्या थीसिसमधली तीन महिन्यांची रीडिंग्ज मला खात असायची. उपकरण मध्येच एकदा बिघडलं होतं आणि त्यानंतर मी ते नीट तपासलं होतं असं मला वाटत होतं. वहीत नोंद नव्हती. आकडे छान आले होते, प्रोफेसर खूश होते, कुणी कधी विचारलं नसतं.

सोमवारी मी प्रोफेसरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पुन्हा कर. एक अख्खं सेमिस्टर गेलं, बेलव्ह्यूला ठरलेली माझी नोकरी लांबली. नवे आकडे जुन्यांहून वेगळे आले, थोडेसेच, पण वेगळे.

हे सांगायला मी खाली गेले तेव्हा काका रिकाम्या टेबलाशी पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढून सगळं ऐकून घेतलं. शाबासकी वगैरे दिली नाही.

"आता रात्री झोप लागते का?" त्यांनी विचारलं.

"लागते."

"मलापण," काका म्हणाले, आणि शेजारची खुर्ची माझ्यासाठी ओढली.