दस्तीतली भाकर

दस्तीमामांचं जेवण झालं, हे फक्त त्यांच्या ढेकरावरून कळायचं. मागे ना कागद, ना खरकटं, ना सांडलेलं पाणी. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, पावसानं दगा दिला होता आणि आमच्या नव्या कचेरीत मामा शिपाई होते. औशाहून एसटीनं यायचे. दुपारी मांडीवर दस्ती, म्हणजे मोठा पांढरा रुमाल, पसरायचे. ज्वारीच्या दोन भाकरी, मध्ये शेंगदाण्याची चटणी, पितळी डबीत घट्ट वरण. शेवटच्या तुकड्यानं डबी अशी पुसायचे की तिच्यात तोंड दिसावं.

“पण दस्ती धुवायला पाणी लागतंच की,” मी एकदा चिडवलं.

“आंगुळीच्या पान्यात दस्ती, दस्तीच्या पान्यात तुळस. तुमचा कागद कुठं जातो, ताई?”

माझा कागद खिडकीतून जायचा. मी नांदेडहून आलेली टायपिस्ट, भाड्याच्या खोलीत एकटी. डबा घासायचा कंटाळा, आणि पाणी नाही ही सबब तयारच. कचेरीत कपाटं आली नव्हती; कोपऱ्यात कागदांचा ढीग पडलेला. त्यातले पाठकोरे कागद रद्दी समजून मी खुशाल पोळी-लोणचं बांधायला न्यायचे.

एके दुपारी मी फेकलेला बोळा मामांनी नेहमीप्रमाणे उचलून आणला. पण या वेळी बोलणी बसली नाहीत. त्यांनी तो टेबलावर उलगडला. एका गावानं टँकरसाठी केलेला अर्ज होता तो. खाली शाईचे अंगठे आणि त्यांवर माझ्या लोणच्याचं तेल.

“लोक वाट बघायले असतील,” मामा हळू आवाजात म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “साहेबांना सांगू नका ना, मामा. मी नवा अर्ज टाइप करून देते.”

“आन अंगठे कुठून आनता?”

त्यांनी अर्ज दस्तीत घेतला आणि मला साहेबांपुढे उभं केलं. मी सगळं कबूल केलं, पोटभर बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्या गावाला टँकर गेला. माझ्या टेबलावर एक धुतलेली दस्ती घडी करून ठेवलेली होती. त्या दिवसापासून मी तिच्यातच पोळी बांधून आणायला आणि मामांशेजारी बसून जेवायला लागले.

निवृत्तीच्या दिवशी आम्ही मामांना धोतरजोडी दिली. ती त्यांनी दस्तीत बांधली आणि तिचा पुठ्ठ्याचा रिकामा खोका माझ्या हाती ठेवला. “ठिवा ताई, लई मजबूत हाय.” मला हसू आलं आणि रडूही.

पुढे कपाटं आली. तरी मी तिथे होते तोवर टँकरचा प्रत्येक अर्ज त्या खोक्यातच राहिला, आणि कुणाच्या अंगठ्यावर पुन्हा तेलाचा थेंब पडला नाही.