देगलूरमार्गे जगाच्या तळाखाली

लातूरहून देगलूरच्या एसटीत बसलो तेव्हा आपण जगाच्या तळाखाली जाऊन येणार आहोत, याची मला कल्पना नव्हती. अक्काकडे (थोरल्या बहिणीकडे) जायचं, पुंडीची (अंबाडीची) भाजी आणि भाकरी खायची, दुसऱ्या दिवशी परत, एवढाच बेत होता. उदगीरला गाडी थांबली तेव्हा अक्कासाठी किलोभर पेढे घेतले.

उदगीर सुटलं की बसमधल्या बोलण्यात कानडी शिरते आणि देगलूर जवळ आलं की तेलुगू. तिन्ही भाषांत विषय मात्र एकच, कुणाच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं. माझा धंदाच तो. मी बोअरचे पॉइंट काढतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून हिंडायचं आणि जिथं तो उभा राहील तिथं मशीन लावायचं. कधी नारळ आपण होऊन उभा राहिला, कधी मी त्याला बोटानं मदत केली. ‘पाणी लागेल का?’ या प्रश्नाला तीस वर्षांत मी ‘माहीत न्हाई’ असं उत्तर दिलेलं नाही. या धंद्यात ते चालत नाही.

शेजारी एक धोतरवाले आजोबा बसले होते.

“पिशवीत काय हाय?”

“पेढे. बहिणीला.”

“बहिणीला लई गोड देऊ नये, साखर वाढती,” म्हणत त्यांनी हात पुढं केला. देगलूर येईपर्यंत अर्धा पुडा आम्हा दोघांच्या पोटात होता. “दुकानदारानं वजनात मारलं,” असं मी अक्काला सांगितलं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सुशीला (मुरमुरे भिजवून, फोडणी देऊन करतात ती) पुढं ठेवली.

माझी भाची गौरी नांदेडला घरं बांधायचं शिक्षण घेते. सुटीला आली होती. जेवण झाल्यावर म्हणाली, “मामा, आमची बारव बघता का?” मी चपला शोधू लागलो, तर तिनं लॅपटॉप पुढं सरकवला.

पडद्यावर एका खेळातलं जग होतं. डोंगर, झाडं, ढग, सगळं चौकोनी. सूर्यसुद्धा बर्फीच्या वडीसारखा. त्यात एकेक ठोकळा रचून गौरीनं आणि तिच्या खोलीतल्या सना नावाच्या मैत्रिणीनं दोन वर्षांत पायऱ्यांची बारव बांधली होती. मी तीस वर्षं जमिनीला नुसती भोकं पाडत आलो. एवढं देखणं काम मला जमलं नसतं. काठावर खुंट्याला एक गाढव बांधलेलं होतं. शेजारी पाटी: ‘बन्नू. सनाचा आहे. हात लावू नये.’

“सनानं रानातून धरून माणसाळवलाय,” गौरी म्हणाली. “आता तिला हैदराबादला नोकरी लागली. जाताना एवढंच म्हणाली, बन्नूला सांभाळ. आज सहाला ती तिकडून येणार हाय ह्याच जगात, नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा.”

चालायची चार बटणं, फोडायचं एक आणि सामान घ्यायचं एक, एवढं शिकवून ती शिंप्याकडे गेली. जाताना म्हणाली, “हिंडा, पण काही तोडू नका.”

मी पायऱ्या उतरून तळाशी गेलो, तर बारव कोरडी ठाक. लातूरच्या माणसाला कोरडी विहीर बघवत नाही. त्या जगात नारळ मिळेना, म्हणून मुहूर्ताला एक भोपळा फोडला आणि बोअर सुरू केला.

“काय करायलास रे?” अक्कानं स्वयंपाकघरातून विचारलं.

“बोअर मारायलोय.”

“पोरीच्या कॉम्प्युटरात?”

गाढव उतरेल एवढं रुंद भोक घेतलं. माती गेली, मुरूम गेला, खडक गेला. शेवटी काळा दगड लागला. तो एरवी कुणाला फुटत नाही, असं मला मागाहून कळलं. गौरीनं बांधकामासाठी सगळी मोकळीक देऊन ठेवली होती. फुटला. आणि खाली काहीच नव्हतं.

विहिरीची खोली बघायला आपण दगड टाकतो आणि ‘डुबुक’ ऐकतो. मी दगड टाकला आणि कान दिला. दोन मिनिटं गेली. अक्कानं कुकरची तिसरी शिट्टी काढली. दगड पोचलाच नाही. आणखी वाकून पाहायला गेलो आणि पडलो.

तिथं वारा नव्हता, भिंत नव्हती. आपण पडतोय की लटकतोय, हेही कळत नव्हतं. मग मी मान वर केली. जग वरून बघितलेलं सगळ्यांनी. मी ते खालून बघितलं. काळ्या दगडाचं अफाट छत आणि त्यात माझ्या बोअरचा उजेडाचा एक चौकोन, लहान लहान होत गेलेला. इतकी वर्षं ज्या जमिनीत डोकावत होतो, तिची पाठ बघत होतो मी. तेवढ्यात मेलो आणि काठावरच्या खाटेवर जागा झालो; त्या खेळात मेलेला माणूस आपल्या खाटेवर उठतो.

पुन्हा बघायचं होतं, या खेपेला सावकाश. आमच्याकडे गाळ काढायला विहिरीत उतरणारा माणूस वर बैलाला कासरा (दोर) बांधतो. बैल पाय रोवतो आणि माणूस अधांतरी राहतो. बैल नव्हता. मी पाटी वाचली होती, तरी बन्नूला सोडलं, भोकाच्या कडेला उभं केलं, कासऱ्याचं दुसरं टोक हातात घेतलं आणि उडी मारली.

त्या जगात जनावर पाय रोवत नाही, कासऱ्यामागं येतं. बन्नू माझ्यामागून आला.

मी खाटेवर परत आलो. बन्नू आला नाही. त्याच्यासाठी खाट नव्हती.

पावणेसहा झाले होते. गौरीच्या सामानाच्या यादीत मला गाढवाचं अंडं सापडलं. गाढव अंडं देत नाही हे मला माहीत आहे, तिथं देतं. घाईत बटण तीनदा दाबलं गेलं आणि तीन गाढवं निघाली. दोन बारवेच्या काठच्या देवळामागं कोंडली, एक खुंट्याला बांधलं. हुबेहूब तेच. बोअरवर फळ्या टाकल्या. गौरी आली, तिला काहीच कळलं नाही.

सहाला पायऱ्यांवर एक नवीन बाई उगवली आणि लॅपटॉपातून आवाज आला, “मामू, सलाम.” मग ती खुंट्याकडे धावली. “बन्नू, वळखलास का रे?” गाढवानं सहज मान वळवली. “देख गौरी, वळखला. मैं बोली थी ना, भूलता नै वो.”

गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण मी लॅपटॉपाजवळ सरकलो.

“सना, तो बन्नू न्हाई,” मी म्हणालो. “बन्नूला मी जगाच्या खाली पाडलं. हा मी आत्ता काढलाय. आणखी दोन देवळामागं हायत.” एकदा उघडलेलं तोंड मिटेना. “आणि अक्का, अर्धे पेढे बसमधीच संपले.”

“ते मला तवाच कळलं,” अक्का दारातून म्हणाली.

गौरीनं लॅपटॉप स्वतःकडे ओढून देवळामागं बघितलं.

“उसको दर्द हुआ क्या, मामू?” सनानं विचारलं.

“माहीत न्हाई,” मी म्हणालो. तीस वर्षांत पहिल्यांदा. “माझ्या वरच होता. मधी कासरा होता. तोंड माझ्याकडं होतं त्याचं.”

मग ती नाक ओढून म्हणाली, “नीचे हाय काय पण?”

“काहीच न्हाई. पण पडताना वर बघ.”

तिनं फळ्या काढल्या आणि उडी मारली. पाठोपाठ तिनं गौरीलाही उडी मारायला लावली. बारव त्यांनी कोरडी ठेवली होती ती पाणी दोघींनी मिळून सोडायचं म्हणून; परत आल्यावर त्यांनी ते सोडलं. मी तळाला मारलेल्या भोकातून ते खाली, त्या कशातच नसलेल्या ठिकाणी, पडत राहिलं आणि बारव मात्र भरलेलीच. एवढं पाणी वाया जाताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि ते संपत नव्हतं.

बन्नूची पाटी सनानं काठावरून काढून पाण्यालगतच्या पायरीवर, भोकाच्या बाजूला लावली. खुंट्यापाशी नवी लावली: ‘मामू. खुशाल हात लावा.’

दुसऱ्या दिवशी लातूरला उतरलो तो थेट एका मास्तरांच्या प्लॉटवर. त्यांनी माझ्या तळहातावर नारळ ठेवला. “लागेल ना पाणी?”

“माहीत न्हाई.”

“मग तुम्हाला बोलावलं कशाला?”

प्रश्न बरोबर होता. मी चारी कोपरे हिंडलो. बोट लावलं नाही. नारळ आडवाच राहिला. शेवटी मास्तरांनी तो पायरीवर फोडला आणि आम्ही दोघांनी अर्धा अर्धा प्यायला. तेवढं पाणी मात्र लागलं.