काकाचं लेझर

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर काकाने लेझरने अंगावरचे केस काढून घेतले हे ऐकून तुम्ही दोघं पोट धरून हसलात. तोही तुमच्याबरोबर हसला. फोन ठेवल्यावर मात्र अर्ध्या भाकरीवरच ताटावरून उठला. म्हणून मी, तुमची आजी, आजच हे लिहून पाठवते आहे. यात माझी एक चूक आहे, ती तुम्हाला माझ्याकडूनच कळलेली बरी.

काकाने हे हौसेने केलेलं नाही. द्राक्षबागेत औषध मारायचं म्हणजे तासन्‌तास ट्रॅक्टरवर बसायचं. वर घाम, खाली धक्के, आणि अंगावर केस तुमच्या आजोबांसारखे दाट. माकडहाडापाशी ते केस कातडीत रुतले आणि गळू झालं. ऑपरेशन झालं, दोन महिने रोज ड्रेसिंग झालं, जखम भरली. वर्षाच्या आत तिथेच पुन्हा गळू. दुसऱ्या ऑपरेशननंतर सांगलीच्या सर्जननी स्पष्ट सांगितलं, "जखम भरली की तिथले केस लेझरने काढून घ्या. नाहीतर ट्रॅक्टर सोडा."

ट्रॅक्टर सोडा म्हणजे बाग सोडा. आमच्या तासगावात ऐन फवारणीत भाड्याचा ड्रायव्हर मिळत नाही, आणि मिळाला तरी काका त्याला आपल्या बागेत शिरू देत नाही.

जखम भरल्यावर आम्ही सांगलीला एका लेझरच्या दवाखान्यात गेलो. बाहेर बाकावर लग्न ठरलेल्या मुली आणि त्यांच्या आया. काकाला अजून नीट बसवत नव्हतं, तो भिंतीला टेकून उभा. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "लेकीचं हाय का सुनेचं?"

"मुलाचं," मी म्हटलं.

त्यांनी काकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आता गं बया! नवरदेव बी करत्यात व्हय आता?"

"नवरदेव न्हवं मावशी," काका म्हणाला, "ट्रॅक्टर डायवर हाय मी."

सगळ्या हसल्या. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. मी त्याचा शर्ट मागून धरून ठेवला होता, नाहीतर तो निघूनच गेला असता.

आत पडद्यापलीकडून टक्‌ टक्‌ आवाज यायचा. रबर ताणून अंगावर सोडावं तसं लागतं, असं त्याने नंतर सांगितलं. जळक्या केसांचा वास बाहेरपर्यंत आला. "आई," तो आतून ओरडला, "बोकडाची मुंडी भाजल्यागत वास येतोय गं!"

दर दीड महिन्याने जायचं होतं. जायच्या आदल्या दिवशी तिथले केस रेझरने काढायचे. त्याला तिथलं दिसत नाही आणि काकू तेव्हा तिच्या आईच्या आजारपणासाठी रहिमतपूरला होती. मग मीच. अठ्ठेचाळीस वर्षांचा मुलगा खाटेवर उशीत तोंड खुपसून पालथा पडलेला आणि मी चष्मा लावून, कंबर धरून वाकलेली. दोघांनाही लाज वाटायची. मग हळूहळू ती लाजही ओसरली.

पुढे मधल्या दिवसांतही एखादा केस वर आलेला दिसायचा. मला तो बघवायचा नाही. बेदाणा वाळवणीच्या शेडवरून उतरला की त्यात एकही देठ राहू द्यायचा नाही, हे काम मी चाळीस वर्षं केलं आहे. मी चिमटा आणला आणि दर रविवारी एकेक केस मुळासकट उपटू लागले.

"आई, लय दुखतंय."

"गप पड."

तिसऱ्या खेपेला दवाखान्यातली लेझर करणारी मुलगी म्हणाली, "सर, इथं केसच नाहीत. वॅक्सिंग केलं का?"

"मी चिमट्याने साफ केलंय," मी पडद्याबाहेरून अभिमानाने सांगितलं.

तिने मशीन बंद केलं. "आजी, लेझर केसावरूनच मुळापर्यंत उतरतं. तुम्ही मूळच उपटलंत, आता आम्ही जाळायचं काय?"

केस उपटू नयेत, हे त्यांनी पहिल्याच दिवशी दिलेल्या इंग्रजी कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद मीच काकाला मराठीत वाचून दाखवला होता आणि फाईलला लावला होता. ही सूचना ब्युटी पार्लरला जाणाऱ्या बायकांसाठी असणार, असं मी धरून चालले.

परतीच्या एसटीत तो उभाच होता. मी म्हटलं, "चुकलं रे माझं."

"उगवतील की परत. छाटणी चुकल्यागत वरीस तर जात न्हाई."

पण केस परत उगवेपर्यंत थांबावं लागलं आणि तेवढ्यात जखमेच्या कडेला एक लाल पुळी आली. मी रोज सकाळी ती बघायची. पुन्हा गळू झालं तर तिसरं ऑपरेशन. बाहेर ट्रॅक्टर ताडपत्रीखाली उभा. तेराव्या दिवशी पुळी सुकली. मग मी चिमटा टाकून दिला आणि उरलेल्या साऱ्या खेपा कागदाप्रमाणे केल्या.

यंदा छाटणीनंतरची सगळी फवारणी त्याने स्वतः ट्रॅक्टरवर बसून केली. जखम पुन्हा उघडलेली नाही. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही, त्यामुळे तिथे दहा-बारा पांढरे केस अजून आहेत. ते आता काकू रेझरने काढते.